नऊशे मीटर

वडगावच्या गच्चीवरून नऱ्ह्याचं हॉस्टेल दिसतं,
चौथ्या मजल्यावर वाळत घातलेली जीन्ससुद्धा दिसते.
मधे हायवे, दोन मंगल कार्यालयं, एक काँक्रीटचा प्लांट.
मोकाशी म्हणाले, एवढ्याला डिश कशाला?
वीतभर पॅनेल लाव आणि मोकळी हो.

मोकाशींचा हिशोब अंतराचा.
लांब तर मोठी, जवळ तर छोटी,
चपलेच्या मापासारखा.

मी स्कॅन लावला.
एकशे चौदा नावं आली पडद्यावर.
क्लासेस, पतपेढी, मिसळवाला,
कुठल्यातरी पाळणाघराचा कॅमेरा,
सगळे एकाच पट्ट्यात, एकाच वेळी बोलणारे,
शनिवारी संध्याकाळची तपकीर गल्ली.
पॅनेल या सगळ्यांना घरात घेतं.
त्याला नाही म्हणता येत नाही.

गच्चीच्या मालकीण पोंक्षेबाई,
पाटबंधाऱ्यात नकाशे काढून निवृत्त,
किल्ली हातात ठेवूनच वर आल्या.
कानात नवं यंत्र, चाळीस हजारांचं.
"यात सगळं येतं हो.
शेजारचा मिक्सर, रिक्षा, माझाच श्वास.
समोरचा काय बोलतो तेवढंच येत नाही."
मग त्यांनी ते काढून डबीत ठेवलं,
तळवा कानामागे धरला, माझ्याकडे वळवला.
"हं. बोला आता."

दोन फुटी डिश, मी म्हटलं.

"परातच की ही. वाऱ्यानं उडून
खालच्या स्कूटरवर पडली तर?"
प्रश्न बरोबर होता.
परात वारा धरते, पाइप डुलतो,
आणि इथे एक अंश हलला
की तिथे सोळा मीटर.
शिवाय स्लॅबला भोक पाडायचं नाही,
वॉटरप्रूफिंग मागच्याच वर्षी झालंय.
शेवटी लिफ्टच्या खोलीची भिंत मिळाली,
जाड, जुनी, सहा बोल्ट गिळून गप्प बसणारी.

नुसती नजर पोचून भागत नाही, हे मोकाशींना
मी तीनदा सांगितलंय. नजरेच्या रेघेभोवती
दुधी भोपळ्यासारखी फुगलेली
मोकळी हवा लागते, मधोमध
साडेतीन मीटर जाड.
आमच्या भोपळ्याला एका होर्डिंगचा कोपरा लागत होता,
"टू बीएचके, तयार ताबा".
ब्रॅकेट चार फूट वर चढवला.

पलीकडे शकील तांबोळी, कानाला फोन.
जरा डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे.
उणे ब्याऐंशी. उणे चौऱ्याहत्तर.
उणे सत्तरला आकडा थांबला, मागे फिरायला लागला.
ही खोटी टेकडी.
खरा डोंगर लागायच्या आधी ही लागतेच,
आणि पुष्कळ जण इथेच बोल्ट आवळून
घरी जातात, वर्षभर तक्रारी ऐकतात.
मीही गेले आहे, दोनदा. धायरीत आणि एकदा
जिथलं नाव सांगणार नाही तिथे.

पुढे फिरव, शकील.
अजून. अजून. थां

उणे पंचवीस.
म्हणजे कानाशी येऊन ओरडल्यासारखं.
रेडिओ बधिर, पाकिटं गळतायत.
पॉवर चोवीसवर होती, कुणी बघितलंच नव्हतं.
उतरवत आणली. वीस. बारा. पाच. शून्य.
शून्य म्हणजे बंद नव्हे.
आमच्या मापात शून्य म्हणजे एक मिलिवॉट,
देवघरातल्या मिणमिण दिव्यालाही हसू येईल इतकं.
तेवढ्यात उणे एकोणपन्नास, स्थिर,
आणि त्या एकशे चौदांपैकी
उरले तीन, तेही लांबून कुजबुजणारे.

मोकाशींना बिल पाठवलंय.
दोन डिश, दोन ब्रॅकेट, बारा बोल्ट,
होर्डिंगला घातलेल्या शिव्या फुकट.
हॉस्टेलवरची जीन्स कुणीतरी आत नेली होती.

"लागलं का?" जिन्यातून पोंक्षेबाईंनी विचारलं,
डबी अजून हातातच.
काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, हायवे वाजत होता.
मी आवाज चढवला नाही.
चार पायऱ्या उतरून
त्यांच्या तळव्यासमोर जाऊन उभी राहिले.